काचेच्या कोपऱ्यातला डाग

त्याला सगळे काचवाला म्हणायचे. खिडक्यांना काचा बसवणारा काचवाला नव्हे हं. याच्या होडीच्या तळालाच काच होती. जेवणाच्या टेबलाएवढी, जाडजूड. पाहुणे बाकांवर बसून, गुडघ्यांवर कोपरं टेकून खाली बघायचे आणि हा सुकाणू धरून बोलत सुटायचा. बोलण्यात गडी कुणाला हार जायचा नाही. "ती बघा, पाठीवर पिवळा पट्टा, ती आमची हेडबाई. मागून येतायत ते तिचे उनाड विद्यार्थी. आणि खडकाखाली तो तपकिरी ढेरपोट्या दिसतोय ना, तो साहेब. कामधाम काही नाही, नुसतं दार अडवून बसायचं." पोरं खिदळायची, मोठी माणसंही घटकाभर पोरं व्हायची.

असा हा माणूस उभ्या जन्मात एकदाही पाण्यात उतरला नव्हता, हे सांगून कुणाला खरं वाटलं नसतं. पण होतं खरं. तो लहान असताना वडील पोहायला म्हणून गेले ते परत आलेच नाहीत. आईने त्याच्याकडून शब्द घेतला, पाण्यात पाय घालणार नाहीस म्हणून. पुढे पोट भरायला नेमकी होडीच हाती आली, तेव्हा त्याने आपल्यापुरता तोडगा काढला: पाण्यावर राहायचं, पाण्यात जायचं नाही. होडीत चढताना असा जपून पाय उचलायचा की चप्पलसुद्धा ओली होऊ नये. आई गेली, तरी त्याने शब्द सोडला नाही.

मग काच खालून पुसायची कुणी? अर्थात बायकोने. पाण्यातल्या काचेवर शेवाळ धरायला वेळ लागत नाही. रोज सकाळी पाहुणे यायच्या आत, होडी धक्क्याला बांधलेली असतानाच, ती नवऱ्याचा जुना लांब बाह्यांचा शर्ट चढवायची, घासणी घ्यायची आणि होडीखाली शिरायची. तिथे पाणी दोन पुरुष खोल. पण ती लहानपणापासून पाण्यात वाढलेली. "चालायच्या आधी पोहायला लागले मी," असं सांगायची. त्यात थोडं तिखटमीठ असेल, पण थोडंच.

तो वर काचेपाशी मांडी घालून बसायचा. ती खालून यायची, केस पसरलेले, गाल फुगलेले. तो बोटाने दाखवायचा, इथे राहिलंय, इथेही राहिलंय. ती पुसता पुसता मध्येच डोळे तिरळे करायची, जीभ काढायची, नाहीतर मेल्याचं सोंग घेऊन हातपाय सोडून द्यायची. हा वर एकटाच हसत बसायचा.

"काका, सकाळी सकाळी कुणाशी गुलुगुलू चाललंय?" धक्क्यावरचा तिकीटवाला विचारायचा.

"काम चाललंय काम. तू तुझी तिकिटं फाड."

आता यातली गंमत अशी, की काच बऱ्याचदा केव्हाच लख्ख झालेली असायची. तरी हा पठ्ठ्या कोपऱ्यावर बोट ठेवायचा. डाग आहे, पूस. ती बिचारी परत फिरायची. घरी एकमेकांकडे बघायला सवड होती कुठे? स्वयंपाक, धुणी, इंजिनाची दुरुस्ती, परगावच्या लेकीचे फोन. इथे मात्र तिचं तोंड अगदी समोर, वीतभरावर, आणि बोलायची सोय नाही म्हणून भांडायचीही नाही. तेवढ्यासाठी नसलेला डाग दाखवला तर काय मोठं पाप झालं, असं त्याला वाटायचं.

संध्याकाळी केस पुसत ती खालच्या गोष्टी सांगायची. खाली म्हणे शांतता नसतेच मुळी. तव्यावर दाणे तडतडावेत तसा आवाज सतत चालू असतो. "आणि तुमची ती माशांची नावं! गच्चीवर बसून माणसं ओळखता तुम्ही, नुसती टकलं बघून. एकदा बाजूने तरी बघा."

"तू बघतेस ना, मग झालं. भीती नाही वाटत गं तुला?"

भात वाढता वाढता ती म्हणाली, "श्वास संपत आला की छाती आरडाओरडा करते. ती ओरडतेय तोवर काळजी नाही. ओरडायची थांबली आणि छान छान वाटायला लागलं, की समजायचं, पाणी आता गोड बोलायला लागलं. त्याच्या नादी लागायचं नाही, सरळ वर यायचं. अजून वाढू?"

ते त्याने ऐकलं आणि सोडून दिलं.

मग एका रात्री जोराचा वारा सुटला. मासेमारीचं एक फाटकं जाळं कुठून तरी वाहत आलं आणि होडीच्या इंजिनाच्या पंख्यात गुरफटलं. पंखा काचेच्या मागच्या कोपऱ्याला लागूनच, पण वरून काही कळायला मार्ग नाही. सकाळी ती खाली गेली, काच लख्ख केली आणि श्वास घ्यायला वर निघाली. त्याने सवयीने मागच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिने डोळे वटारले. पण एवढ्याशा डागासाठी पुन्हा कोण वर जाऊन येणार, असं वाटलं असावं. ती तशीच वळली.

कोपरा पुसताना तिचा हात मागे गेला तो पुढे येईना. तिने हिसका दिला, परत एक दिला. हे आज नवीन सोंग, असं समजून तो हसला. हो, हसला. तिने काचेवर थापा मारल्या, तोंडातून बुडबुड्यांचा लोट गेला, तरी याचं हसू चालूच. मग तिचे हातपाय सैल पडले, चेहरा निवला, ओठांवर हसल्यासारखं काहीतरी आलं. आणि त्याचं हसू जागीच थांबलं. सोंग घेताना ती डोळे मिटायची आणि एक हळूच किलकिला करून बघायची, हा हसतोय की नाही. आज दोन्ही डोळे उघडे होते आणि ती त्याच्याकडे बघतच नव्हती. पाणी तिच्याशी गोड बोलायला लागलं होतं.

त्याने होडीचा लोखंडी नांगर उचलून काचेवर हाणला. हत्ती नाचला तरी फुटायची नाही, असं तो रोज पाहुण्यांना ऐटीत सांगायचा. ते खरं निघालं. "अरे धाव रे! ओढ मला!" तो तिकीटवाल्याला हाक मारत बोंबलला, धक्क्याला बांधलेल्या एका दोराचं मोकळं टोक मनगटाला गुंडाळलं, आणि चपलांसकट पाण्यात पडला.

पोहता येण्याचा प्रश्नच नव्हता. होडीचा तळ चाचपत, तो धरून धरून तो आत सरकला. नाकातोंडात खारं पाणी गेलं, छाती फुटायची वेळ आली. हाताला शर्ट लागला. त्याने तो दोन्ही हातांनी धरला आणि असेल नसेल तेवढा जीव लावून ओढला. हा शर्ट विरलाय, टाकून दे, म्हणून त्याने तिचं किती डोकं खाल्लं होतं, आणि मऊ झालाय, असू दे, म्हणून तिने कधी टाकला नव्हता. जाळ्यात अडकलेली बाही खांद्यापासून टरकन उसवली. दोराला वरून ओढ लागली, आणि हा तिला कवटाळून तसाच ओढला गेला.

तिकीटवाल्याने दोघांना धक्क्यावर घेतलं, तिला कुशीवर वळवलं, पाठीवर थापट्या मारल्या. बराच वेळ काही होईना. मग ती भडभडून पाणी ओकली, खोकली, श्वास घेऊ लागली. नजर ठिकाणावर आल्यावर तिने आधी आपला उघडा दंड पाहिला. "फाडलात ना शेवटी?" ती पुटपुटली.

काचवाला भर धक्क्यावर लहान मुलासारखा रडला. कोण बघतंय याची त्याला फिकीर नव्हती.

दवाखान्यात ती पडून होती, तो शेजारी स्टुलावर. छातीत पाणी गेलेलं, यापुढे श्वास रोखून बुडी मारायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्याला राहवेना. "ऐक ना. तो डाग... नव्हताच. मी उगाच दाखवायचो. रोजच."

"माहितीये."

"माहितीये म्हणजे?"

"अहो, काच खालूनही काचच असते. डाग आहे की नाही ते मला दिसत नाही होय?"

"मग पुसत कशाला बसायचीस?"

ती भिंतीकडे बघून हसली. "तुम्ही सोडत नव्हतात आणि मलाही जायचं नसायचं."

"माझ्यामुळे जीव गेला असता तुझा."

"जाळ्यामुळे. जाळं काय तुम्ही टाकलं होतं? आणि आईंना दिलेला शब्द मोडलात त्याचं काय?"

"मोडला," तो म्हणाला. "तिलाही चालेल."

आता काच तो पुसतो. त्याला शिकवायला तिला सगळा उन्हाळा लागला. हनुवटीखाली तिचा हात नसला की हा गटांगळ्या खायचा आणि धक्क्यावरची पोरं टाळ्या पिटायची. पहिल्यांदा डोळे उघडून बघितलं तेव्हा त्याला एकही मासा ओळखू येईना. "तो पुठ्ठ्यासारखा चपटा कोण गं?" वर येऊन त्याने विचारलं. "तीच तुमची हेडबाई," ती म्हणाली. साहेबाचं तोंड तर समोरून फारच दुःखी निघालं. तेव्हापासून तो पाहुण्यांना साहेब आळशी आहे असं सांगत नाही.

रोज सकाळी तो आधी पंखा तपासतो, मग काचेखाली जातो. ती वर चहाचा कप घेऊन बसते. काच लख्ख होते. मग ती मागच्या कोपऱ्यावर बोट ठेवते. तिथे काही नाही हे त्याला खालून स्वच्छ दिसतं. तो गाल फुगवून, डोळे तिरळे करून तो कोपरा पुसायला लागतो. पण त्याची छाती ओरडायच्या कितीतरी आधीच ती काचेवर टकटक करते, आणि तो लगेच वर येतो.