तालमीतला शेवट

वाचनालयात कुणी शिरलं की माझी नजर आधी त्याच्या पिशवीकडे जाते, चेहऱ्याकडे नंतर. घरचे मला यावरून चिडवतात. पण स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांतली पानं ब्लेडने कापून नेणारी पोरं आणि दिवाळी अंकातलं शब्दकोडं शर्टात घालून नेणारे निवृत्त गृहस्थ ज्यांनी पाहिले नाहीत, त्यांनी मला माणसांवर विश्वास ठेवायला शिकवू नये. मी ग्रंथपाल आहे. ब्रह्मपुरीच्या पुढे, धानपट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं वाचनालय आहे, आणि संशय घेणं हे तिथल्या माझ्या कामातच येतं.

काही वर्षांपूर्वी आमच्या समितीने ठरवलं की झाडीपट्टीतली जुनी नाटकं गोळा करायची, स्कॅन करायची आणि इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुली ठेवायची. आमच्या भागात धान कापून झालं की दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगावी रात्रभर नाटकं चालतात. वडशाला नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत. पण खेड्यातली मंडळं आपली नाटकं हातानेच लिहून काढायची, आणि त्या वह्या कुणाच्या पेटीत, कुणाच्या माळ्यावर वाळवीची वाट पाहत पडलेल्या असतात. त्या वाचवायच्या, हे मलाही पटत होतं. फक्त ‘सगळ्यांसाठी खुली’ हे शब्द ऐकून मनात पाल चुकचुकली. सगळे म्हणजे कोण, हे मी सचिवांना विचारलं. ते म्हणाले, सगळे म्हणजे सगळे.

नागपूरहून एका एजन्सीची दोन माणसं स्कॅनर घेऊन आली. मी त्यांच्या मागे डोळ्यांत तेल घालून उभी असायचे. वही उघडायची, पानांचे फोटो घ्यायचे, मग कॉम्प्युटरवर रकाने भरायचे: नाटकाचं नाव, लेखक, विषय, साल, प्रत पूर्ण की अपूर्ण. पहिल्या पानावर जे नाव असेल ते लेखकाच्या रकान्यात जायचं. मी ते नाव वहीशी ताडून बघायचे आणि बरोबरची खूण करायचे. वही चोरीला जाईल, पान फाटेल, ते लोक फाइली परस्पर विकतील, अशा सगळ्या शंका मी घेतल्या. पहिल्या पानावरचं नाव लेखकाचंच कशावरून, ही एक शंका तेवढी आली नाही.

नाटकं इंटरनेटवर गेली आणि दोनेक महिन्यांनी एक म्हातारे गृहस्थ आले. पँट-शर्ट, खांद्यावर दुपट्टा, काखेत घट्ट धरलेली कापडी पिशवी. सावली तालुक्यातल्या एका खेड्यातून जीप बदलत आले होते. मी त्यांच्या पिशवीकडे बघत होते आणि ते माझ्या कॉम्प्युटरकडे, अगदी त्याच नजरेने. नातीने त्यांना मोबाइलवर एक नाटक दाखवलं होतं.

“ते नाटक माझं हाय, बाई. तुमी कोनाचं नाव टाकून राह्यले त्याच्यावर?”

नाटक दोन भावांचं होतं. दुसऱ्याने बांधीचा धुरा, म्हणजे धानाच्या शेताची हद्द, सरकवली असा दोघांना संशय, आणि मध्ये बहीण. आमच्याकडची वही मूल गावच्या एका मोबाइल दुकानदाराने दिली होती. त्याच्या वडिलांचं नाव पहिल्या पानावर ठसठशीत होतं. आणि खरं सांगायचं तर एखादी गोष्ट इंटरनेटवर चढली की तिच्यावर हक्क सांगणारे कुठून कुठून उगवतात, याचा मला अनुभव आला होता. मी पुरावा मागितला. त्यांनी पिशवीतून वही काढली, पण माझ्या हातात दिली नाही. स्वतःच एकेक पान उलटून दाखवू लागले. संवाद तेच होते, शब्दन् शब्द. फक्त शेवटचा प्रवेश त्यांच्या वहीत नव्हता.

म्हणजे आमची प्रत पूर्ण आणि यांची अर्धवट. नक्कल कुणी केली असेल, हे मला लगेच कळल्यासारखं वाटलं. मी ते तोंडावर बोलूनही दाखवलं. ते रागावले नाहीत.

“तुमच्यापाशी जो हाय, तो तालमीतला शेवट हाय,” ते म्हणाले.

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. त्यांच्या काळी मंडळं एकमेकांची नाटकं उचलायची. तालमी शाळेच्या वऱ्हांड्यात चालत, आणि दुसऱ्या गावची माणसं बिडी ओढायच्या निमित्ताने येऊन बसत. म्हणून हे तालमीपुरता एक खोटा शेवट लिहून देत. भाऊ गळ्यात पडतात, बहीण ओवाळते, पडदा. प्रतींमध्येही तोच असायचा. खरा शेवट त्यांनी कधी कागदावर उतरवला नाही. प्रयोगाच्या दिवशी, तोंडाला रंग लावायच्या आधी, कामाच्या तिघांना खोलीत घेऊन दार लावायचं आणि तोंडी सांगायचं. प्रेक्षकांनी पाहिला तर पाहू दे, असं त्यांचं म्हणणं. पाहणारा गोष्ट नेतो, बोल नेत नाही.

आणि पहिल्या पानावरचं नाव? ते ज्याची प्रत त्याचं. शाळेतली पोरं वहीवर घालतात तसं. मूलच्या दुकानदाराचे वडील त्या नाटकात थोरल्या भावाचं काम करायचे.

मला हे फार सोयीचं वाटलं. आपल्याकडे शेवट नाही, तर म्हणायचं की मी तो लिहीतच नव्हतो. पण ते गेल्यावर मी आमचा सगळा संग्रह पुन्हा उघडला आणि माझे कान गरम झाले. एकाच नाटकाच्या दोन प्रती होत्या आणि त्यांना दोन वेगळे लेखक होते. दुसऱ्या एका वहीत पहिल्या पानावरच्या नावाखाली बारीक अक्षरात ‘राजाची प्रत’ असं लिहिलेलं होतं. लेखक म्हणून आम्ही जगाला सांगितलेली कितीतरी माणसं नट होती. प्रत्येक नावापुढची बरोबरची खूण माझी होती.

सचिवांनी हात वर केले. म्हणाले, कुणी येऊन सांगितलं म्हणून नाव बदलता येणार नाही, शेवटासकट पूर्ण संहिता आणायला सांगा. तसं मी म्हाताऱ्यांना कळवलं. ते पुन्हा आले आणि पिशवी मांडीवर घेऊन बसले. त्यांची अडचण मला दिसत होती. नाटक आपलं आहे हे पटवायचं तर खरा शेवट द्यायला हवा, आणि दिला की तो सगळ्यांचा झाला. मग नाव कशाला हवं, सोडून द्या, असं मी म्हटलं. त्यावर ते जे बोलले त्याने मी वरमले. मंडपात माइकवरून दुसऱ्याचं नाव घेतलं तरी ते सकाळी विरून जायचं, म्हणून आजवर त्यांनी कधी भांडण केलं नव्हतं. पण नात म्हणाली होती की इंटरनेटवरचं कायम राहतं. कायम राहणाऱ्या गोष्टीवर दुसऱ्याचं नाव ठेवून मरायची त्यांची तयारी नव्हती.

“तुमाले सांगतो,” ते म्हणाले. “फक्त तुमाले.”

दुपारी वाचनालय बंद असतं त्या वेळी त्यांनी वाचनकक्षाचं दार लावायला लावलं. माझा मोबाइल बाहेर ठेवायला सांगितला, कॉम्प्युटरची पिन काढायला सांगितली. मला अपमान वाटला. लोकांच्या पिशव्या बाहेर ठेवून घेणारी मी, आणि माझीच अशी झडती. पण ठेवला. मग टेबलांच्या मधल्या जागेत उभं राहून त्यांनी तो प्रवेश केला. दोन्ही भावांचे बोल, बहिणीचेही, खिडकीबाहेर जाऊ नये म्हणून अगदी हळू आवाजात. काय घडतं ते तुम्हालाही सांगणार नाही. मी तोंडावर हात धरून बसले होते, आणि त्यांचं झाल्यावर डोळे पुसले. हे नाटक यांचंच, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही.

थोड्याच दिवसांत त्यांनी पूर्ण संहिता आणली. शेवटचा प्रवेश नातीच्या हस्ताक्षरात होता. मी वाचला आणि गार पडले. तो मला सांगितलेला नव्हताच, तालमीतलाही नव्हता. यात बहीण विहिरीत जीव देते आणि भाऊ छाती बडवून घेतात. मी म्हाताऱ्यांना हळूच म्हटलं की तुम्ही तेव्हा केला तो हा नाही. त्यांनी सचिवांच्या केबिनकडे एकदा बघितलं.

“नाव त बरोबर येईन ना, बाई?”

मी संहिता पुढे पाठवली. सचिव खूश झाले. लेखकाचं नाव बदललं, ‘प्रत पूर्ण’ अशी नोंद झाली. मूलच्या दुकानदाराला फोन केला तेव्हा तो आधी तडकला. शेवटी म्हणाला की बाबांचं नाव कुठंतरी राहू द्या. ते आम्ही प्रत कुणाची या रकान्यात ठेवलं, त्यासाठी तो रकाना नवा करून घेतला.

पण मी आतून जळत होते. एक तर त्यांनी वाचनालयाला फसवलं होतं, नाहीतर मला. आणि विचार करता करता मला हेच पटत गेलं की फसवलं ते मला. आपल्या बाजूने वळवायला म्हाताऱ्याने एक प्रवेश जागेवर रचला, आणि मी, उभ्या गावावर संशय घेणारी, त्यावर रडले. भाजी निवडताना, बसमध्ये, मला तेच आठवायचं आणि स्वतःचा राग यायचा.

हिवाळ्यात कळलं की त्यांचं मंडळ सावलीजवळ तेच नाटक करणार आहे. मी गेले ते त्यांना रंगेहाथ पकडायलाच. कापलेल्या शेतात मंडप होता, बायकांच्या बाजूला ब्लँकेट गुंडाळून बसले. शेवटच्या प्रवेशाआधी माइकवरून मोबाइल आत ठेवायला सांगितलं, मंडळाची पोरं रांगांमधून फिरून बघू लागली. तोवर पूर्वेकडे फटफटायला लागलं होतं. आणि मग मंचावर तोच प्रवेश झाला. वाचनकक्षातला. शब्दन् शब्द.

मला लाज वाटली आणि इतका आनंद झाला की शेजारच्या बाईने बरं वाटत नाही का म्हणून विचारलं. जगाला त्यांनी खोटा शेवट दिला होता आणि खरा मला. का, ते मला कधीच नीट कळलं नाही. कदाचित मी त्यांच्यासारखीच आहे हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं असेल.

प्रयोग संपल्यावर चहाच्या टपरीवर ते भेटले. मला बघून त्यांना नवल वाटलं नाही. कुणाला सांगितलं तर नाही ना, एवढंच विचारलं. मी नाही म्हटलं.

“मी गेलो का हे सारे सोपावाला शेवट करतीन. मंग कोनी खराखुरा मानूस इचाराले आला त सांगजा. पन पाहून सांगजा, बाई.”

त्यानंतर उन्हाळ्यापर्यंत ते अधूनमधून यायचे. दार लावून माझ्याकडून तो प्रवेश म्हणून घ्यायचे, चुकले की पुन्हा पहिल्यापासून. पावसाळ्याच्या तोंडाशी ते गेले. मंडळ मोडलं. त्या रात्री मंचावर असलेल्यांपैकी थोरल्या भावाचं काम करणारा वारला, धाकटा बांधकामावर हैदराबादला गेला, बहिणीचं काम करणारी बाई कुठल्या कंपनीबरोबर गेली याचा पत्ता नाही. दुसरी मंडळं आता ते नाटक करतात आणि शेवट आमच्या साइटवरून उतरवून घेतात. विहिरीवाला. लोक रडतातही.

विचारायला माणसं आली. एक प्राध्यापक आले, त्यांना प्रबंधासाठी हवा होता. मला ते घाईतले वाटले. वडशाहून एक कंपनीवाले पेढे घेऊन आले, ते पेढ्यांमुळेच मनातून उतरले. शेवटी नातही आली. आता ती कॉलेजात आहे, बोलायला गोड आहे. म्हणाली की आबा तुमच्याकडं काहीतरी ठेवून गेले म्हणतात. तिने एवढं सहज विचारलं की मला तेच खटकलं. विहिरीवाला शेवट हिच्याच हाताने लिहिलेला, तेव्हा आबांनी खरा हिला का सांगितला नाही, काही कारण असेलच ना? मी चहा केला आणि तिच्या कॉलेजबद्दल विचारत राहिले.

निवृत्ती जवळ आली आहे. शुगर आहे, बीपी आहे. स्वयंपाक करताना मी तो प्रवेश मनात म्हणते, त्यांनी घोकून घेतला तसा. मागच्या आठवड्यात भात टाकताना बहिणीच्या एका वाक्यावर मी अडले. मागचं आठवत होतं, पुढचं आठवत होतं, मधलं ते एक वाक्य गेलं होतं. मी गॅस बंद केला, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, पुन्हा तिथंच अडले. मग मला भीती वाटली, खरीखुरी. मी नातीला फोन लावला. तिने उचलला, “बोला ना, बाई,” म्हणाली. मी परीक्षा कधी आहे ते विचारलं आणि फोन ठेवून दिला.

ते वाक्य अजून आठवलेलं नाही.