ओवाळणीतली तांब्याची नळी

ऊर्मिला पाटणकर गाड्यांच्या बॅटऱ्या तपासणाऱ्या एका कंपनीत नोकरीला लागली आणि सांगलीहून जर्मनीत इंगोलश्टाटला आली, तेव्हा ती तिशीची होती. सात वर्षांनंतर तिथले लोक तिला ‘बॅटरी जाळणारी बाई’ म्हणत. त्यात कुचेष्टा नव्हती, तिचं कामच ते होतं. सेल घ्यायचा, तो शॉर्ट करायचा, तापवायचा, त्यात खिळा घुसवायचा आणि तो कितव्या सेकंदाला, किती डिग्रीला पेट घेतो ते लिहून ठेवायचं. हे काम तिला मनापासून आवडे. सेल खोटं बोलत नाही, असं ती म्हणायची.

रुपेश त्याच प्रयोगशाळेत तिच्यानंतर दोन वर्षांनी आला. नाशिकचा, तिच्याहून चार वर्षांनी धाकटा. घर मिळेपर्यंत तिच्याकडेच राहिला. नगरपालिकेत राहण्याचा पत्ता नोंदवायला ऊर्मिलाच त्याला घेऊन गेली, पहिला सेल जाळायलाही तिनेच शिकवलं. त्याला सख्खी बहीण नव्हती, हिला भाऊ नव्हता. पहिल्याच दिवाळीत तो भाऊबीजेला आला आणि तेव्हापासून दरवर्षी येत राहिला. कामावर दोघांची आणखी एक जवळीक होती, ती म्हणजे सिगारेट. इमारतीमागे सिगारेट ओढणाऱ्यांसाठी काचेची एक शेड होती. दिवसातून चारदा दोघं तिथे उभी राहत आणि मराठीत मनसोक्त बोलत.

दोन हजार पंधराच्या एप्रिलमध्ये ऊर्मिलाचे वडील गेले. ती तीन आठवडे सांगलीला होती. जाताना आठ महिन्यांच्या कामाचा रिपोर्ट ती रुपेशच्या हवाली करून गेली. दोनशे चाळीस सेल जाळून लिहिलेला. ‘आलेख तेवढे नीट करून ठेव,’ म्हणाली होती. परत आली तेव्हा रिपोर्ट ग्राहकाकडे गेलेला होता. पहिल्या पानावर रुपेशचं नाव. हिचं नाव शेवटच्या पानावर, आभाराच्या ओळीत, एका शिकाऊ विद्यार्थ्यानंतर.

तिने एकदाच विचारलं.

“अगं ताई, टीमचं काम आहे ना,” रुपेश म्हणाला. “तू नव्हतीस, कुणीतरी मांडायला हवं होतं. आणि नाव आहे की तुझं.”

जुलैत तो ग्रुपेनलायटर झाला, म्हणजे तिचा वरिष्ठ. साहेब लिंडनर तिला एवढंच म्हणाले, की तुम्ही त्या वेळी इथे नव्हता, वाईट झालं.

ऊर्मिलाने तोंडात मिठाची गुळणी धरली. भांडली असती तर इंगोलश्टाटच्या पाचपन्नास मराठी घरांत चर्चा झाली असती आणि बाप गेल्याने बाई हळवी झालीय, असं ठरलं असतं. पण पोटात मात्र तिने सगळं जपून ठेवलं. रुपेश मीटिंगमध्ये तिचीच वाक्यं बोलायचा आणि ती वहीत पेन दाबत बसायची. वहीची पानं आरपार फाटायची. केसाने गळा कापणं म्हणजे काय, हे तिला आता कळलं होतं. या माणसाला एकदा, फक्त एकदा, सगळ्यांसमोर उघडं पाडायचं, एवढंच तिच्या मनात होतं. कसं, ते सुचत नव्हतं.

नोव्हेंबरात भाऊबीज आली. तिने त्याला बोलावलं नाही, पण तो आलाच, बायको मुक्ताला घेऊन. ऊर्मिलाचा नवरा श्रीधर दोघांना ‘या, या’ म्हणाला. पाट मांडला गेला, निरांजन लागलं. ऊर्मिलाने त्याच्या कपाळाला कुंकू लावलं तेव्हा तिचा अंगठा जरा जोरातच टेकला. आयुष्य वाढो, असं दरवर्षी ती मनात म्हणायची. या वर्षी तिने मनात काहीच म्हटलं नाही.

जेवणं झाल्यावर रुपेश तिला बाल्कनीत घेऊन गेला आणि एक लाकडी डबी हातात ठेवली.

“ओवाळणी. तुझ्यासाठी मुद्दाम आणलीय.”

उन्हाळ्यात दोघांनी सिगारेट सोडून इ-सिगारेट धरली होती. ऊर्मिलाकडे एक साधी, लहान होती. तिच्यात चिप होती. जास्त तापली की ती आपोआप बंद पडे. तिचा झुरका ऊर्मिलाला कधी पुरायचा नाही. डबीत होती ती तांब्याची जाड नळी, हातभर नव्हे, वीतभर. वर तोटी, खाली बटण, आत एक सेल. बाकी काही नाही.

“मेकॅनिकल आहे,” रुपेश म्हणाला. “चिप नाही, फ्यूज नाही. सेल आणि तार, बस्स. प्युअर. एक झुरका घे, सिगारेट विसरशील. मी महिनाभर हीच वापरतोय.” त्याने खिशातून स्वतःची नळी काढली, बटण दाबलं आणि बाल्कनीभर पांढरा ढग सोडला.

ऊर्मिलाला त्या ढगाचा मोह झाला, हे खोटं नाही. चार महिने ती वखवखलेली होती. नळी हातात घेतली तर ती छान जड होती, बटणावर अंगठा आपोआप बसत होता. तिने तोटी ओठांपर्यंत नेलीही. पण दोनशे चाळीस सेल जाळलेला हात होता तो. बटण दाबायच्या आधी तिने बुडाची टोपी फिरवली आणि सेल बाहेर काढला. वेष्टनावर ठसठशीत अक्षरांत पस्तीस अँपिअर लिहिलं होतं. एवढ्याशा सेलमधून पस्तीस अँपिअर देणारा कारखाना तिने अजून पाहिला नव्हता.

“उद्या बघते,” ती म्हणाली आणि डबी बंद केली.

सोमवारी तिने ती प्रयोगशाळेत नेली. वेष्टन सोललं. आतल्या पत्र्यावरच्या बारीक नंबरावरून सेल ओळखू आला. लॅपटॉपमध्ये घालतात तो, दहा अँपिअरचा, कुणीतरी नवा कपडा चढवून विकलेला. नळीतल्या तारेला अठ्ठावीस अँपिअर लागत होते. शिवाय सेलमधला वायू बाहेर पडायला नळीला एकही भोक नव्हतं. सेल फुटला तर तो नळीसकट फुटणार, जणू सुतळी बॉम्ब. आपण ही नळी वापरायची का, हा प्रश्न तिच्यापुरता वीस मिनिटांत सुटला. वापरायची नाही.

आणि मग तिला हसू आलं, कारण याच जातीच्या सेलबद्दल सगळं त्या रिपोर्टात होतं. पान तेवीस, तक्ता सहावा. ज्याच्या नावावर तो रिपोर्ट होता, तोच माणूस हा बॉम्ब खिशात घालून फिरत होता. त्याने ते पान वाचलंच नव्हतं.

तिला हवा तो डाव सापडला होता. पुढच्या आठवड्यात गुरुवारी लिंडनर आणि ग्राहकाचे लोक प्रयोगशाळेत येणार होते. त्यांच्यासमोर ती ही नळी टेबलावर ठेवणार होती. रुपेशला विचारणार होती, की यात हा सेल चालेल का, तुमच्या अभ्यासानुसार? तो ‘चालेल’ म्हणणार. मग जाड काचेमागे ती बटण दाबणार.

घरी तिने श्रीधरला हे सांगितलं. त्याने जेवता जेवता घास खाली ठेवला.

“त्याच्या खिशातली पण तसलीच आहे?”

“तशीच. एकाच दुकानातली.”

“मग आत्ता फोन कर त्याला.”

“गुरुवारी कळेल त्याला.”

“ऊर्मिला, अजून दहा दिवस आहेत.”

“महिनाभर काही झालं नाही ना? मी सात महिने थांबले, त्याने दहा दिवस थांबावं.”

ते दहा दिवस तिच्या आयुष्यातले फार गोड दिवस होते. नंतर तिला त्याचीच शरम वाटली. ती शेडमध्ये जायची, रुपेश ढग सोडायचा आणि ती मनात गुरुवारची वाक्यं घोळवायची. फक्त एक बदल झाला होता. ती आता त्याच्यापासून दोन पावलं लांब उभी राहू लागली होती. हे तिच्याही लक्षात आलं होतं.

पुढच्या आठवड्यात मंगळवारी रुपेशने विचारलं, “ताई, हल्ली ही जरा गरम होते गं. ठीक आहे ना? मुक्ता म्हणते, ताईंना विचार, त्यांना कळतं.”

ती सांगू शकली असती. दोन शब्दांचं काम होतं.

“तुलाही कळतंच की,” ती म्हणाली. “एवढा रिपोर्ट लिहिलास.”

त्याने तिच्याकडे बघितलं, टोमणा कळला, आणि हसून मान फिरवली. नळी खिशात गेली.

बुधवारी दुपारी, जेवणानंतर, शेडमध्ये दोघंच होती. रुपेशने झुरका घेतला, बटण सोडलं, पण नळीतली चुरचुर थांबली नाही. बटण आतच अडकलं होतं. त्याने नळी या हातातून त्या हातात घेतली.

“टाक ती,” ऊर्मिला म्हणाली. “रुपेश, टाक. लांब टाक.”

त्याने टाकली नाही. तो तिच्याकडे बघत राहिला. तिच्या आवाजात असं काही होतं, की तो बघतच राहिला. तेवढ्यात बार झाला. काचेला तडा गेला, आणि ऊर्मिलाच्या कानात शिट्टी वाजू लागली. रुपेश गुडघ्यांवर बसला होता आणि उजवा हात छातीशी धरून अजिबात आवाज करत नव्हता. तिने ओढणी सोडवून त्याच्या हाताला गुंडाळली, कुणाला तरी ॲम्ब्युलन्स बोलवायला ओरडून सांगितलं. डोक्यात मात्र एक विचार चमकून गेला, की गुरुवार गेला. त्या विचाराची तिला स्वतःलाच भीती वाटली.

रुपेशची तर्जनी दोन पेरांवर कापावी लागली. तळव्यावर मांडीची कातडी लावली. आठवड्याने ती इस्पितळात भेटायला गेली तेव्हा मुक्ता खाली कॉफी आणायला गेली होती.

“तुला माहीत होतं,” रुपेश म्हणाला.

“हो.”

“कधीपासून?”

“तुझ्या भाऊबीजेनंतरच्या सोमवारपासून.”

“मी विचारलं होतं तुला.”

“विचारलंस. तुझ्याच रिपोर्टात होतं ते. पान तेवीस.”

त्याने खिडकीकडे तोंड फिरवलं. तिकडे बघतच म्हणाला, “एवढं होतं तुझ्या मनात?”

“माझे वडील गेले होते, रुपेश. मी त्यांच्या दहाव्याला बसले होते, तेव्हा तू माझं नाव खोडत होतास.”

त्याने माफी मागितली नाही. तिनेही नाही.

रुपेश तीन महिने रजेवर होता. मधल्या काळात ग्राहकाने रिपोर्टवर प्रश्न पाठवले. ऊर्मिलाने प्रत्येकाचं उत्तर मूळ नोंदींसकट त्याच दिवशी दिलं. लिंडनरनी तिला खोलीत बोलावलं आणि विचारलं, हा रिपोर्ट नक्की कुणी लिहिला? ‘मी,’ ती म्हणाली. त्यांनी ते लिहून घेतलं. मार्चमध्ये रुपेशने रेगेन्सबर्गला दुसरी नोकरी धरली आणि त्याची जागा ऊर्मिलाला मिळाली. ज्यासाठी ती वर्षभर धुमसत होती, ते सगळं तिच्या पदरात पडलं, आणि घरी पेढेही आले नाहीत. श्रीधर ‘बरं झालं’ म्हणाला आणि पुन्हा पेपर वाचू लागला.

गाव सोडण्याआधी मुक्ता एकटीच भेटायला आली. सोबत कागदी पिशवीत रुपेशचे उरलेले तीन सेल होते.

“हे कचऱ्यात टाकायची भीती वाटते, ताई. तुम्ही नीट कराल म्हणून आणले.” मग ती खुर्चीच्या कडेवर बसली. “मी त्याला आधीच म्हटलं होतं, ताईंना विचारून घे. तर म्हणाला, विचारलं, ताई काही वाईट म्हणाली नाही. म्हणजे ठीक असेल, असं वाटलं मला. मी मग बोलले नाही.”

ऊर्मिलाला आधीच माहीत होतं, हे रुपेशने तिला सांगितलं नव्हतं. का, ते ऊर्मिलाला कळलं नाही. लाजेने असेल, किंवा मग स्वतःचंही सांगावं लागलं असतं म्हणून. ती तशीच गप्प राहिली असती तर मुक्ता आभार मानून निघून गेली असती.

“मला माहीत होतं, मुक्ता,” ऊर्मिला म्हणाली. “ती नळी फुटणार हे मला दहा दिवस आधी कळलं होतं. मी मुद्दाम सांगितलं नाही.”

मुक्ताने नीट ऐकून घेतलं. रिपोर्टाचंही ऐकलं. मधे एकदा तिने डोळे मिटले.

“मग तुम्ही त्याच्याशी भांडायचं होतंत,” ती म्हणाली. “मी तुमच्या बाजूने बोलले असते.”

एवढं बोलून ती उठली, स्वतःच चपला घालून जिना उतरली. ऊर्मिलाने सेल एकेक करून पिशवीतून काढले. तिन्हींच्या अंगावर पस्तीस लिहिलेलं होतं. तिने हातमोजे चढवले आणि उरलेली वीज उतरावी म्हणून ते मिठाच्या पाण्याच्या बादलीत सोडले. मुक्तासाठी तिला त्या संध्याकाळी रडू आलं. रुपेशसाठी मात्र आलं नाही, आणि येत नाही हे तिने श्रीधरला कधी सांगितलं नाही.