अय्युब मिस्त्रीनं खोटी ठरवलेली क्वालिस

परतवाड्याच्या अय्युब मिस्त्रीनं साठ वर्षांत कुणाची एक गोष्ट पहिल्या फटक्यात खरी मानली असेल तर शपथ. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजले की हा खिशातला मोबाइल काढून बघणार, आणि मोबाइलातही दहा दिसले की दोन्ही एकाच दुकानातून आणलेत का याचा विचार करत बसणार. दूधवाला बिचारा याच्या दारात आला की आधीच म्हणायचा, "मिस्त्री, पानी नाई टाकलं." त्यावर मिस्त्री म्हणायचा, "मी विचारलं का? मंग काहून सांगून राहिला?"

घरच्यांना याचा ताप होता, पण गावाला फायदा होता. जुनी गाडी घ्यायची तर अय्युबला सोबत नेल्याशिवाय कुणी घेत नसे. दर रविवारी अमरावतीला जुन्या गाड्यांचा बाजार भरायचा, तिथं हा सकाळच्या एसटीनं हजर. हातात फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक. ते गाडीच्या अंगावरून फिरवायचं, जिथं चिकटलं नाही तिथं ठोकर लपवायला रंगाखाली पुट्टी भरलेली. मग दार उघडून सतरंजीचा वास घ्यायचा, गाडी कधी पुराच्या पाण्यात बुडाली होती का ते बघायला. आणि सगळ्यात शेवटी खाली वाकून ब्रेक आणि क्लचच्या पेडलवरचं रबर. "मीटर कोनीबी मागं फिरवते," तो म्हणायचा, "पन मानसाचा पाय खोटं बोलत नाई." रबर किती झिजलं यावरून गाडी किती पळाली ते तो सांगायचा, आणि ते बहुतेक वेळा बरोबर निघायचं. गाडी खोटी आहे असं त्यानं एकदा म्हटलं की त्या गाडीकडं बाजारात पुन्हा कुणी ढुंकून बघत नसे. सौदे लावून देणारा दलाल शेखर तर त्याला कोर्टच म्हणायचा.

आता कोर्टाचाही एखाद्यावर विशेष राग असतोच. अय्युबचा राग टोयोटावर होता. सन दोन हजारात त्या कंपनीची क्वालिस आपल्याकडं आली तेव्हा लोक हसले होते, हे कसलं खोकं म्हणून. चारपाच वर्षं ते खोकं धडाधड खपलं, आणि ऐन भरात कंपनीनं ते बंद करून त्याच्या जागी इनोव्हा आणली. इथंच अय्युबच्या मनात पाल चुकचुकली. चालतं दुकान कुणी बंद करतं का? त्यात गाड्या बिघडेनात. इतर कंपन्यांच्या गाड्या दर दोन महिन्यांनी त्याच्या गॅरेजात यायच्या, क्वालिसवाला फक्त ऑइल बदलायला यायचा आणि वर सांगायचा, "टोयोटा आहे, मिस्त्री. हिला काही होत नाही." हे ऐकलं की अय्युबचं डोकंच फिरायचं. पुढं त्यानं आपला सिद्धांत पक्का केला. ज्या गाडीचं नाव मोठं, तिच्यात लबाडी जास्त, कारण नावावर डोळे मिटून पैसे देणारे लोक तिथंच सापडतात. हा सिद्धांत अगदीच चुकीचा होता असंही नाही. मीटर फिरवलेल्या दहाबारा क्वालिस त्यानं स्वतः पकडल्या होत्या.

त्याची मुलगी मिस्बाह शाळेत शिक्षिका. बापाची खोड जिरवायला तिनं एकदा मोबाइलवर टोयोटाचा सगळा इतिहास वाचून दाखवला. "अब्बा, हे लोक आधी कापड विणायचे माग बनवत होते. त्यांचा माग असा होता, की एक धागा तुटला तरी आपोआप थांबायचा. मंग मालकाच्या पोरानं त्याच कारखान्यातून मोटारी काढल्या."

 अय्युबचे स्वतःचे अब्बा अचलपूरच्या गिरणीत मागावर होते. तुटलेला धागा नजरेतून सुटला की हातभर कापड वाया जायचं, मुकादमाच्या शिव्या वेगळ्या. दिवसभर धागे बघून बघून म्हाताऱ्याचे डोळे गेले. आपोआप थांबणारा माग त्यांना मिळाला असता तर? ही गोष्ट त्याला आवडली होती, पण कबूल कोण करणार.

"अजूनबी त्यायच्या कारखान्यात कोनाले चूक दिसली तर दोरी ओढून सगळं काम थांबवता येते," मिस्बाह म्हणाली.

"आन् चुकलेच नसतील कधी?"

"चुकले ना. अमेरिकेत पायाखालची मॅट पेडलमदी अडकून राहिली होती, तर लाखो गाड्या परत बोलावल्या त्यायनं."

अय्युबचा चेहरा असा फुलला की काय सांगावं. "पाय. म्या काय म्हनलं होतं? पेडल पाहाव म्हनून!" पुढचे आठ दिवस त्यानं चहाच्या टपरीवर दुसरा विषय काढला नाही.

तर अशा या माणसासमोर एका रविवारी अकोल्याची एक पांढरी क्वालिस आली. सन दोन हजार तीनची. धामणगाव रेल्वे या गावच्या नितेशला ती घ्यायची होती आणि त्यानंच अय्युबला आणलं होतं. गाडीजवळ मैनाबाई उभ्या होत्या, साठीच्या, सडपातळ, नजर सरळ. गाडी त्यांच्या नवऱ्याची, पुंजारामची. तो वर्षापूर्वी वारला. अकोल्याहून गाडी चालवत आणली होती त्यांच्या पुतण्यानं, विपुलनं.

मीटरवर दोन लाख चौदा हजार किलोमीटर. अय्युब मनातल्या मनात हसला. एकवीस वर्षं भाड्यानं चाललेली क्वालिस आणि एवढीच पळाली? चुंबक सगळीकडं चिकटलं. वासही ठीक. मग तो वाकला, आणि त्याला हवं ते सापडलं. पेडलवरच्या रबराच्या रेघा जशाच्या तशा उभ्या होत्या. टाच टेकून टेकून सतरंजीला भोक पडतं, तेही नाही.

"रबर नवीन हाये. सतरंजीबी नवीन," तो बाहेर येऊन म्हणाला. तोवर पंधरावीस लोक जमलेच होते. "सहा लाखाच्या वर पळाली हे गाडी. मीटर फिरवलं. नितेशभाऊ, चाला."

"काही बदललं नाई, भाऊ," मैनाबाई म्हणाल्या. "हे फक्त रिद्धपूरले जायचे. आमच्या महानुभाव पंथाचे लोक दर्शनाले घेऊन. दुसरं भाडं यायनं कधी मारलं नाई."

"समदेच असं म्हनतात, बाई."

"मंग यायनं मीटर फिरवलं म्हनता तुमी?"

"मी कोनाचं नाव घेत नाई. गाडी खोटी हाये एवढं सांगतो."

मैनाबाईंचा चेहरा उतरला.  विपुलनं गाडी सुरू केली आणि ती दोघं निघून गेली. नितेशनं अय्युबला चहा पाजला. चहा पिताना मिस्त्रीला एक गोष्ट जरा खटकली होती. दुसऱ्या कुठल्याही गाडीचं रबर तो ओढून काढायचा, मागची बाजू बघायचा. इथं काढलं नव्हतं. पण टोयोटाच ती, काय बघायचं त्यात, असं म्हणून त्यानं कप खाली ठेवला.

पंधरा दिवसांनी त्याला फोन आला.

"मी मैनाबाई बोलून राहिली, अकोल्यावरून. पाव्हने विचारतात, पुंजारामनं मीटर फिरवलं म्हनते खरं का. गाडी न खपो. पन मेलेल्या मानसाले तुमी खोटा ठरवलं. घरी येऊन दाखवा कसा खोटा ते."

अय्युबला आधी वाटलं, काहीतरी डाव आहे. घरी बोलावून चार लोक अंगावर घालतील. म्हणून त्यानं गुरुवारचं कबूल केलं आणि बुधवारीच जाऊन धडकला. अंगणात क्वालिस उभी, आणि मैनाबाई एकट्या गहू निवडत बसलेल्या. त्यांनी "दंडवत" म्हटलं, पाणी दिलं, गाडीची किल्ली दिली. यानं आधी पाण्याकडं संशयानं पाहिलं, मग पिऊन टाकलं.

गाडीचं दार उघडून त्यानं पाय आत टाकला, तोच मागून आवाज आला. "चप्पल काढा."

"काहून?"

"विशेष हाये ना आत."

डॅशबोर्डवर लाकडाची छोटी डबी होती आणि तिच्यात मऊ कापडावर एक काळा दगड. रिद्धपूरच्या पवित्र ठिकाणचा. महानुभाव लोक अशा दगडाला विशेष म्हणतात आणि देवासारखा मानतात. "बाजारात नेली तवा म्या काढून घरात ठेवला होता," मैनाबाई म्हणाल्या. "गाडी परत आली, परत ठेवला. तो आत असल्यावर चप्पल घालून कसं बसाव? यायनं एकवीस वर्षं अनवानीच चालवली. बसनारे समदे लोक चपला मागच्या पोत्यात टाकत."

अय्युबनं चप्पल काढली. सीटवर बसला आणि उघडा पाय क्लचवर ठेवला. रबराच्या रेघा तळव्याला लागल्या, आणि वरच्या कडेला, बरोबर अंगठ्याखाली, एक गुळगुळीत खळगा लागला. अंगठ्याएवढाच. डोळ्यांना तो दिसत नव्हता. ब्रेकवर ठेवला, तिथंही तसाच.  मग खाली उतरून, गुडघे टेकून त्यानं क्लचचं रबर ओढलं. ते निघता निघेना. जोर लावला तेव्हा सुटलं. मागं लोखंडावरचा कंपनीचा रंग कोरा करकरीत, त्याला याआधी हवाही लागलेली नव्हती. ते रबर जन्मापासून तिथंच होतं.

त्याला अब्बा आठवले. धागा बाजारातल्या त्या दिवशीच तुटला होता, चहा पिताना त्याला कळलंही होतं, आणि तो थांबला नव्हता. त्याला भयंकर लाज वाटली.

"बाई," तो उभा राहून म्हणाला, "गाडी खरी हाये. पुंजारामभाऊ खरे होते. चुकलो मी."

"मले काहून सांगता?" मैनाबाई गहू निवडता निवडता म्हणाल्या. "मले तं ठाऊकच हाये. जिथं बोलले तिथं सांगा."

तीस वर्षांत अय्युबनं बाजारात दिलेला शब्द मागं घेतलेला नव्हता. तीन रात्री त्याला नीट झोप आली नाही. मिस्बाह म्हणाली, "जा अब्बा, लोक उलटे जास्त इज्जत करतील." रविवारी तो गेला. मैनाबाईही विपुलला घेऊन क्वालिसमधून आल्या होत्या. बाजार ऐन रंगात असताना अय्युब गाडीच्या पायरीवर चढला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "त्या दिवशी म्या ह्या गाडीले खोटी म्हनलं. ते चूक होतं. मीटर फिरवलेलं नाई. हिचा मालक खरा मानूस होता."

 मग शेखर दलाल हसला.

"कितीत ठरलं, मिस्त्री? आमाले न इचारता परस्पर सौदा?"

लोक खो खो हसले. अय्युबनं अनवाणी पायाची गोष्ट सांगायला घेतली, रबर काढून दाखवलं. कुणीतरी ते हातात घेऊन उलटं केलं, वास घेतला आणि म्हणालं, "जुनं रबर आनून बसवलं असन." ही अशी शंका कशी घ्यायची ते त्या माणसाला अय्युबनंच शिकवलं होतं. नितेशही मागं उभा होता. त्याला अय्युब म्हणाला, "तू तरी समज. घेऊन टाक, मी हमी देतो."

नितेशनं नजर चुकवली. "तुमीच तं म्हनता मिस्त्री, हमी देनाऱ्यापासून दूर राहाव."

"मंग मीच घेतो गाडी. आत्ता."

"हां, आता समजलं," शेखर म्हणाला. "आदी भाव पाडला, आता सोता घेते. पक्का मानूस हाये बावा."

त्यावर जो हशा झाला तो रस्त्यापर्यंत ऐकू गेला असेल.  सगळे डोळे अय्युबकडं बघत होते, बारीक केलेले, वर्षानुवर्षं त्यानं स्वतः गाड्यांकडं बघताना करायचे तसे. लोक हळूहळू पांगले. तो हातात रबर घेऊन पायरीवरून उतरला.

मैनाबाईंनी ते रबर त्याच्याकडून घेतलं, पदरानं पुसलं आणि परत त्याच्या हातात दिलं.

"लावून द्या जिथल्या तिथं. विकत नाई मी आता," त्या म्हणाल्या. "चला, रिद्धपूरले जाऊन येऊ. विपुल मागं बसन, तुमी चालवा."

"मी? लोक पाहून राहिले, बाई. अजून काय काय म्हनतील."

"म्हनू द्या. आजपासून आमच्यासंगं तुमीबी खोटे झाले, मिस्त्री."

अय्युबनं खाली बसून रबर जागेवर दाबलं. मग चप्पल काढून मागच्या पोत्यात टाकली आणि गाडी सुरू केली.