खुरांचे तेल

दसऱ्यानंतर माझ्या गाडीतली पुढची डावी जागा रिकामी राहू लागली. पत्नी बाजारात ई-रिक्षाने जाई, देवळात पायी जाई. तिच्या भाचीचे लग्न मार्गशीर्षात झाशीला करायचे ठरले, तेव्हा तिने भाजी निवडता निवडता सांगितले, "मी ट्रेननी चालली जाईन. तुम्ही आरामात गाडी घेऊन या." तिने आवाज चढवला असता तर मला माझी बाजू मांडता आली असती. दिवाणी दावे लढवण्यात माझे आयुष्य गेले आहे, आणि आरोपाला उत्तर देणे मला जमते. ही मात्र इतक्या शांतपणे सांगितलेली नुसती सोय होती.

दसऱ्याच्या सकाळी जे घडले ते तसे किरकोळच होते. गाडी नुकती धुतलेली होती, रस्त्यावर कुणीतरी सडा घातला होता, आणि हरिशंकरपुरमच्या आमच्या गल्लीतून मोठ्या रस्त्याला वळताना मागची चाके सरकली. गाडी अर्धी फिरली आणि दुभाजकाला टेकून उभी राहिली. कुणाला लागले नाही, नुसता बंपर खरवडला. पत्नीच्या मांडीवरचा आपट्याच्या पानांचा आणि पेढ्यांचा डबा तेवढा खाली सांडला. ती पेढे गोळा करीत बसली आणि मी खाली उतरून बंपर पाहत बसलो. तिच्याकडे आधी पाहायला हवे होते, हे मला संध्याकाळी सुचले.

गाडी मी पन्नाशी उलटल्यावर घेतली. चार दारांची, गृहस्थाला शोभेल अशी, पण बसकी आणि चपळ, इंजिनात नको इतका दम असलेली. ती घेतली तेव्हा आमच्या काकांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "जनावर चांगलं आहे. तुला झेपेल का?" काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. वय ऐंशीच्या पुढे, पाठ अजून ताठ, आणि आमच्याच घरी राहतात. आमचे पूर्वज दक्षिणेतून घोड्यांवर बसून इथे उत्तरेत आले. घोडी गेली, पागा गेली. तरी प्रत्येक खंडेनवमीला तलवारीसोबत वाहनाची पूजा होते आणि काका पितळी वाटीत तेल घेऊन वाहनाच्या चारी चाकांना आपल्या हाताने चोळतात. घोड्याला दूर न्यायचे असले की खुरांना तेल लावायचे, तळव्यालासुद्धा, हा आमच्या घराचा रिवाज. खुरांच्या जागी आता टायर आहेत इतकेच. गाडी दूरच्या गावाला निघायची असली तरी काकांची वाटी बाहेर येते. तेल मुरैन्याकडच्या घाण्याचे, मोहरीचे, आणि यंत्राला यंत्राचे काही हवे म्हणून त्यात थोडे इंजिन ऑइल. लहानपणापासून मी हे पाहत आलो. देवापुढचा दिवा पाहावा तसे पाहिले, त्यामुळे त्याविषयी विचार असा कधी केला नाही.

टायर बदलायचे मी ठरवले ते दसऱ्याच्याच आठवड्यात. ते घासत आले होते, बाहेरून बारीक चिराही दिसत होत्या. मला वाटले, दोष चाकांचा आहे. नवी चाके बसली की पत्नीही बसेल. मी मनापासून अभ्यास केला. टायरच्या कडेवर कोरलेले आकडे मी वाचायला शिकलो: रुंदी किती, कडेची उंची किती, किती भार पेलेल, किती वेग सोसेल, कोणत्या वर्षाच्या कोणत्या आठवड्यात तो साच्यातून निघाला. मऊ रबर रस्ता धरून ठेवते पण लवकर झिजते. कडक रबर टिकते पण ओल्या रस्त्यावर दगा देऊ शकते. कड जितकी आखूड तितकी गाडी वळणावर आज्ञाधारक आणि खड्ड्यात तितकीच नाजूक. आमच्याकडे उन्हाळ्यात रस्ता तव्यासारखा तापतो आणि लष्कर भागातल्या जुन्या गल्ल्यांत दगड डोके वर काढून बसलेले असतात. असे सगळे तोलून मी दुकानात गेलो. सांगण्यास संकोच वाटत नाही, मी पुरता तयार होतो.

दुकान टोपी बाजाराच्या तोंडाशी होते. पत्नीला त्या दिवशी पाटणकर बाजारात लग्नासाठी ब्लाउजचे कापड घ्यायचे होते. मी तिला म्हटले, काम झाले की पायी इकडे ये, जरा बघून जा. ती येईल असे वाटले नव्हते, पण ती आली. हातात कापडाची पिशवी, चेहऱ्यावर दुसऱ्याच्या घरच्या कार्याला आल्यासारखा भाव.

दुकानदाराने तोवर तीन टायर मांडले होते. पहिला मूळ मापापेक्षा रुंद, आखूड कडेचा, बाणासारख्या नक्षीचा. दुसरा मूळ मापाचा, मऊ रबराचा, खोल खाचांचा. तिसरा शांत आणि फार दिवस टिकणारा. दुकानदाराला माझी गाडी पहिल्याच टायरवर पाहायची होती आणि खरे सांगायचे तर मलाही. वेगाने वळताना तो कसा वागतो हे मी त्याला दोनदा विचारून झाले होते. पत्नीने तिन्ही टायरांकडे पाहिले, पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि दुकानदाराला हिंदीत विचारले, "भैया, सामने कुछ आ जाए, तो इनमें से जल्दी कौन सा रुकता है?"

दुकानदार हसला. "साहब तो इतनी देर से दौड़ाने वाला पूछ रहे थे," तो म्हणाला, "मैडम रोकने वाला पूछ रही हैं." आणि त्याने पायाने दुसरा टायर पुढे सरकवला. "गीले में यही."

इतक्या अभ्यासातून हा प्रश्न माझ्याकडून निसटला होता. म्हणजे तो मला सुचला नव्हता असे नाही. 'इतर बाबी' म्हणून मी तो शेवटी ठेवला होता. मी मूळ मापाचे, मऊ रबराचे चार टायर घेतले. ते बाकीच्या दोन्हींपेक्षा आधी झिजतील हे मला ठाऊक होते, आणि तो निर्णय बरोबर होता याबद्दल आजही माझ्या मनात शंका नाही. पत्नी मात्र गाडीला चाके लागेपर्यंत थांबली नाही. "ई-रिक्षा उभी आहे," म्हणाली आणि निघून गेली.

जुने टायर रिंगवरून उतरवून भिंतीशी टेकवले होते. काही काम नव्हते म्हणून मी ते उलटून पाहिले. बाहेरच्या बाजूला दुष्काळी जमिनीसारख्या चिरा होत्या. आतल्या बाजूला, जी गाडीखाली असते, एकही चीर नव्हती. रबर काळे, घट्ट, नव्यासारखे. चारही टायरांचे तसेच. डिकीतली स्टेपनीही त्याच वयाची, पण तिला कुठे चीरसुद्धा नव्हती. नुसत्या उन्हाने इतक्या चिरा पडल्या नसत्या; गाडी बहुतेक वेळ सावलीतच उभी असते. बाहेरच्या बाजूला आणि नक्षीवर आणखी काय लागत आले होते, ते मला क्षणात कळले. काकांचा हात पोहोचत होता तिथवर चिरा होत्या.

त्या क्षणी मला हलके वाटले, हे लपवणे योग्य होणार नाही. हातात पुरावा होता आणि आरोपी दुसरा होता. दसऱ्याच्या आदल्याच दिवशी खंडेनवमी होती. तेल ताजे होते, रस्ता ओला होता, म्हणून गाडी सरकली. संध्याकाळी मी पत्नीला हे सगळे क्रमाने सांगितले, चिरा, आतली बाजू, स्टेपनी. मी चांगले मांडले असावे. तिने सगळे ऐकून घेतले.

"त्या दिवशी मी 'हळू' म्हटलं होतं," ती म्हणाली. "तेलाचं मला कुठे माहीत होतं? तरी म्हटलं होतं."

ती कापडाची घडी घालू लागली आणि मी खटला हरलो. तिने 'हळू' म्हटले होते हे खरे होते. मी ऐकलेही होते. मी 'अगं, काही होत नाही' असे काहीतरी म्हणालो होतो आणि पाय तसाच ठेवला होता. तेलाचा वाटा किती आणि माझ्या पायाचा किती, ते मी पुष्कळ दिवस मनात वाटून पाहिले. वाटणी काही जमली नाही. पण तेल मला माहीत नव्हते आणि 'हळू' माहीत होते, एवढ्यावरून निकाल पुरेसा स्पष्ट होता.

नव्या टायरांवर कारखान्यातला एक गुळगुळीतपणा असतो. तो झिजेपर्यंत गाडी जपून चालवायची असते. रविवारी सकाळी मी एकटाच झाशीच्या रस्त्याला जाऊन येऊ लागलो. आधी केवळ टायरांसाठी जात होतो. मग लक्षात आले की सवय मलाही लागते आहे. रिकामा रस्ता पाहून मी मुद्दाम ब्रेक दाबून बघत असे. गाडी कुठे थांबते ते मला नेमके कळू लागले, आणि त्याहून किती आधी पाय उचलायला हवा तेही. पूर्वी मी गाडीवर विश्वास ठेवून चालवीत असे आणि त्याला कौशल्य समजत असे. या आठवड्यांत प्रथमच मला वाटले की मी चांगली गाडी चालवतो. पण हे पाहायला शेजारी कुणी नव्हते, आणि सांगून पटण्यासारखी ही गोष्ट नव्हती.

काकांना मी काहीच सांगितले नव्हते. या वयात त्यांच्या हातून एक रिवाज काढून घ्यायचा, आणि तोही घरात घोड्याचा वास आठवणारा तो एकच माणूस उरलेला असताना, याला माझे मन धजेना. लग्नाला निघायच्या सकाळी पत्नीची बॅग दाराशी होती, ट्रेनचे तिकीट पर्समध्ये होते. मी गाडी बाहेर काढून पुसत होतो. काका स्वेटरच्या बाह्या सारून, हातात पितळी वाटी घेऊन पायऱ्या उतरले आणि पुढच्या चाकाशी वाकले.

मी त्यांचा हात धरला. मग जे काही होते ते सांगितले, पायरीवर उभ्या असलेल्या पत्नीला ऐकू जाईल अशा आवाजात: रबराला तेल चालत नाही, जुने टायर बाहेरून फुटले ते त्यामुळे, आणि दसऱ्याला गाडी सरकली त्यात तेल थोडे असेल, पण हिने सांगूनही मी हळू झालो नव्हतो.

काका गुडघ्यावर हात टेकून सरळ झाले. त्यांनी वाटीत पाहिले.

"खुराला तेल का लावतात?"

"खूर फुटू नये म्हणून."

"आणि यानं फुटतं?"

"हो."

"मग लावणारा मूर्ख." ते इतक्या शांतपणे म्हणाले की मला खाली पाहावे लागले. "कधी कळलं तुला हे?"

"टायर बदलले तेव्हा."

"महिना होऊन गेला. मी काय मातीचा आहे का, फुटायला? सूनबाई, तुझा नवरा मला टायर समजतो."

पत्नी हसली. दसऱ्यापासून अंगणात उभी राहून ती अशी हसल्याचे मला आठवत नाही. मग ती दोन पायऱ्या उतरली. "काका, तेल आणलंच आहे तर वाया कशाला घालवता? या दाराच्या बिजागऱ्या किती करकरतात. रबर तर नाही ना तिथे?"

ते तिच्या बाजूचे दार होते. इतक्या दिवसांत ते कुणी उघडले नव्हते, आणि उघडले तेव्हा खरोखरच करकरले. मी पाहून सांगितले की बिजागऱ्या लोखंडी आहेत. काकांनी बोट वाटीत बुडवून वरची बिजागरी, मग खालची, सावकाश चोळली. दार दोन-चारदा मागेपुढे केले. आवाज गेला, तसे ते उघडेच ठेवून बाजूला झाले आणि उरलेले तेल स्वतःच्या कोपराला लावून घेतले.

पत्नीने बॅग उचलली, क्षणभर थांबली, आणि आत बसली. "स्टेशनपर्यंत सोडा," म्हणाली.

मी गल्लीच्या तोंडाशी, ती काही म्हणायच्या आधी, पाय उचलला. वळण शांतपणे गेले. स्टेशनकडे वळायचा चौक आला तेव्हा मी इंडिकेटर दिला. बॅग तिच्या पायांशी होती, तिकिटाची पर्स मांडीवर. तेवढ्यात रस्त्यात एक म्हैस आडवी आली आणि तिच्या मागोमाग दुसरी. गाडी थांबली. बॅग जागची हलली नाही. पत्नीने बॅगेकडे पाहिले, मग म्हशींकडे, मग समोर.

"सरळच चला," ती म्हणाली. "पण मी हळू म्हटलं की हळू."

मी इंडिकेटर बंद केला.

तिने 'हळू' दोनदा म्हटले. एकदा डबरा गावच्या बाजारात, जिथे मी आधीच हळू होतो, आणि एकदा पुढे एका ट्रकमागे, जिथे ते म्हणणे योग्य होते. दोन्ही वेळा मी पाय उचलला. दतियापर्यंत तिचा डावा हात दाराच्या कडीवर होता. दतियाचा राजवाडा मागे पडल्यावर तिने तो काढला, पर्समधून बडीशेपेची पुडी उघडली, स्वतः खाल्ली आणि थोडी माझ्यापुढे धरली. माझा हात सवयीने उठला आणि पुन्हा स्टिअरिंगवर गेला.

तिने ते पाहिले. "झाशीला गेल्यावर खा," म्हणाली, आणि पुडी मिटली.