मधला भाऊ

आमच्या मुलाम्याच्या कारखान्यात एक नकल्या होता. कामाला बरा, नकलांना अव्वल. मालक शिंकला की मिनिटभरात तीच शिंक टाक्यांमागून ऐकू यायची. त्याची बायको तोंडाची फटकळ. चारचौघांत नवऱ्याला ‘बिनकामाचा’ म्हणायची, पण त्याने नक्कल सुरू केली की तीच पोट धरून हसायची. त्या संसारात गोड म्हणावं असं तेवढंच, बाकी सगळा आनंदीआनंद.

कारखान्यात रसायनवाले साहेब होते. एकदा लहर आली म्हणून आम्हाला भिंतीवरच्या आवर्तसारणीपुढे उभं केलं आणि एका उभ्या रांगेवरून बोट खाली आणलं. “हे एक घराणं समजा. थोरलं जस्त, मधला कॅडमियम, धाकटा पारा. तिघांच्या बाहेरच्या कवचात दोन-दोनच इलेक्ट्रॉन, म्हणून वागण्यात सारखेपणा. पण खाली जाल तसा...” तेवढ्यात चहा आला. ‘पण’च्या पुढचं ऐकायला कोण थांबतो? त्या दिवसापासून कॅडमियमचं नाव ‘मधला’ पडलं. जस्ताची टाकी भरली की आरोळी यायची, “मधल्यात टाक रे!”

पुढे नकल्याच्या बायकोचे केस गळायला लागले, अन्न जाईना. डॉक्टर म्हणाले, अंगात जस्त कमी आहे. गोळ्या दिल्या. गोळ्यांनी मळमळतं म्हणून तिने त्या फेकून दिल्या. तेव्हा आमच्या शहाण्याचं डोकं चाललं. पत्र्याच्या पेल्याला मुलामा द्यायचा, म्हणजे पाण्याबरोबर औषध आपोआप पोटात जाईल. जस्ताचा मुलामा आला मळकट. बायको त्याला बादली म्हणाली असती. मग त्याने पेला मधल्याच्या टाकीत सोडला आणि तो चांदीसारखा निघाला. थोरला एवढा गुणाचा, तर सख्खा भाऊ काय वाया गेलेला असणार?

बायको हरखली. शेजारणीला दाखवून म्हणाली, “बिनकामाच्या हातून एक तरी काम झालं बाई.” रोज सकाळी ती त्यातून लिंबाचं पाणी प्यायची आणि मग ओकायची. ओकारीवर उपाय म्हणून हा आणखी लिंबू पिळायचा. लिंबाने चकाकी उतरली की पेला परत कारखान्यात आणायचा आणि जेवणाच्या सुट्टीत जेवण सोडून त्याला नवा मुलामा द्यायचा. एवढ्या मायेने त्याने मालकाचं काम कधी केलं नाही.

अशी वर्षं गेली. तिची कंबर दुखायला लागली, मग मांड्या. ती बदकासारखी डुलत चालू लागली. डॉक्टर म्हणाले, वय. नकल्याला तर आयती नक्कल मिळाली. एका दुपारी तो टाक्यांमधून तसाच डुलत निघाला, कमरेवर हात, तोंडाने “आई गं, आई गं”. आम्ही हसून बेजार. साहेबही हसले, आणि मधेच थांबले.

“ही चाल कुणाची?”

“आमच्या मंडळींची, साहेब.”

साहेबांनी खोदून खोदून विचारलं, ती काय खाते, काय पिते, कशातून पिते. पेल्याचं कळलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला आणि आमच्यासमोर त्याची सालटी काढली. मला त्याची दया आली, पण थोडीच.

घरी जाऊन सांगणं भाग होतं. पण सरळ बोलायची त्याला कुठली सवय! बायको अंथरुणावर उशीला टेकून बसली होती. त्याने चष्मा नाकाच्या टोकावर ओढला, पोट पुढे काढलं आणि साहेबांच्या किनऱ्या आवाजात सुरू केलं, “अरे गाढवा! सख्खा भाऊ म्हणजे तोच माणूस का रे?”

ती खदखदून हसली. हसता हसता बरगडीत ‘कट्’ असा आवाज झाला.

ती कूस धरून कण्हत राहिली. श्वास सापडल्यावर म्हणाली, “मग? पुढे काय म्हणाले साहेब?”

आता त्याला कुणाचाच आवाज काढता येईना. खाली मान घालून तो पुटपुटत गेला. खाली जाऊ तसा घराण्यातला प्रत्येक जण जड आणि जहरी होत जातो. शरीराला वाटतं जस्तच आलं, म्हणून ते मधल्याला आत घेतं. मग तो मूत्रपिंडात ठाण मांडतो, हाडं पोखरतो आणि माणूस संपेपर्यंत निघत नाही.

तिने उशाशी ठेवलेला पेला उचलून फिरवून पाहिला.

“दर वेळी परत चकचकीत करून आणत होतात,” ती म्हणाली. “इतकं मन लावून.”