उदबत्तीने दाखवलेली हवा

मंडळी, आज लेकीच्या नव्या फ्लॅटमध्ये एक्झॉस्ट लावला, तर शेजारच्या फोडणीचा वास घरात! बिल्डरचा माणूस म्हणतो, "पंखा फिरून राहिला ना काकू, मंग?"

मला एकदम सत्तरच्या दशकातला आमच्या नागपूरच्या दवाखान्यातला क्षयरोग वॉर्ड आठवला. मी नवी नर्स होते. वॉर्ड नुकताच बांधला होता, दुसऱ्या दिवशी पेशंट येणार होते. इंजिनियरसाहेब पेटती उदबत्ती घेऊन खाटांमधून फिरत होते. पूजा समजून आमच्या आयाबाईंनी चपला काढल्या, हात जोडले. मीही जोडले.

साहेब हसले. "पूजा नाही वं बाई, हवा कुठं जाते ते पाहून राहिलो."

धूर भिंतीतल्या पंख्याकडे जायला हवा होता. तो दारातून निघाला, व्हरांडा ओलांडून थेट बाळंतिणींच्या खोलीत शिरला. पंखा जोरात फिरत होता, पण उलटा!

पंख्याच्या वायरींची अदलाबदल केली, पुन्हा उदबत्ती लावली. धूर हळूच वळला आणि पंख्यातून बाहेर गेला. आयाबाईंनी पुन्हा हात जोडले. या वेळी साहेब हसले नाहीत.

आज लेकीच्या ओट्यावर मी उदबत्ती लावली. धूर बाहेर जायचा सोडून पंख्यापुढे उभ्या बिल्डरच्या माणसाच्याच तोंडावर आला. तसा तो पाना आणायला गेला.

तुमच्या घरातली हवा कुठे जाते, कधी पाहिलंत?