कणसांच्या नाण्याला कल्हई

शाळेत मी दीड दिवस गेलो, गणपतीसारखा. मग बापानं विसर्जन केलं, भात्यावर बसवलं आणि मी ठाण्यात कल्हईवाला झालो. अक्षरं जुळवायला शिकलो ते केस पिकल्यावर. अशा माणसाला दोन हजार वर्षांपूर्वीची नाणी जमवायचा नाद लागावा, म्हणजे रेड्यानं चष्मा लावावा तशी गत. पण लागला.

विठ्ठलवाडीच्या बाजूला जर्मनच्या दुसऱ्या लढाईत मिल्ट्रीचा कॅम्प होता. लढाई संपली आणि तिथलं भंगार बाजारात आलं. त्यात बिस्किटाचा एक डबा मी तांबं म्हणून वजनावर घेतला. आत नाणी. कुठंकुठं लढून आलेल्या शिपायांनी टाकलेली. डोंबिवलीला एका मास्तरांच्या भांड्यांना कल्हई करायला जायचो, त्यांना दाखवली. एक बघून मास्तर खुर्चीवरून उठलेच.

"अरे, हा रोमचा बादशहा!"

"असेल," मी म्हटलं. "नाक तर आमच्या सासऱ्याचं आहे."

तिथनं माझी झोप गेली. कल्याणच्या मोडवाल्यांकडे, भंगारात, जिथं जाईन तिथं हात पोत्यात. समोर भांडं भट्टीवर, डोळे दुसऱ्याच्या मोडीत. दोन पातेली अशीच जळाली. बायको म्हणायची, "लोक सोनं जमवतात, आमच्या घरात मेलेल्या राजांची मुंडकी." सगळी मिळून जमली सात. त्यातली चार मास्तरांनी कालपरवाची म्हणून परत दिली.

आमच्या शेजारी बेने इस्रायलांचं, म्हणजे इथल्याच मराठी यहुद्यांचं, घर होतं. तेलाचा घाणा, शनिवारी बंद. मराठी आमच्यापेक्षा चोख. मुलगा लढाईत तिकडं पॅलेस्टाईनला जाऊन आलेला, म्हणून सगळे त्याला हवालदार म्हणायचे. त्यानं जेरुसलेमच्या बाजारातून आईसाठी तांब्याचं एक काळंठिक्कर नाणं आणलेलं. एका बाजूला छत्री, दुसऱ्या बाजूला तीन कणसं. त्याच्या आईला, आमच्या मावशीला, डोळ्यांनी दिसत नव्हतं. त्यांच्या दाराच्या चौकटीला एक नळी असते, आत देवाचा कागद. येता-जाता तिला बोटं लावायची आणि बोटं ओठांना. मावशी नाण्याचंही तेच करायची. अंगठ्यानं कणसं चाचपायची, एक, दोन, तीन, आणि मग नाणं सरळ ओठांना.

आता त्यांचं बिऱ्हाड कायमचं इस्रायलला निघालेलं. बोटीला आठ दिवस राहिलेले तेव्हा हवालदार माझ्याकडं आला. हळूच म्हणाला, "तो बाजारवाला मोठा लबाड होता रे. हे खरं आहे का तुझ्या मास्तरांना विचार. आई इतकी वर्षं ह्याला ओठ लावतेय. उद्या तिकडं कोणी खोटं म्हणून हसलं, तर ती जीव देईल."

मावशी नाणं सोडेना. "मेल्या, शिमग्याला माझी परात नेलीस ती दिवाळीला आणलीस."

"मावशी, दोन दिवस फक्त."

"आहे तस्सं आण."

मास्तरांनी भिंग लावलं. नाणं दोन्ही बाजूंनी उलटसुलट बघितलं. मग म्हणाले, "खरं आहे. तिथल्या जुन्या राजाचं. छत्री राजाची, कणसं जवाची. आणि ऐक, हा काळा थर म्हणजे ह्याचं वय. घासायचं नाही. चिंच नाही, राख नाही."

"नाही घासत," मी म्हटलं. शब्द पाळला. घासलं नाही.

दुसऱ्या दिवशी भट्टी पेटलेली आणि नाणं खिशात. माझा हात काळं तांबं बघून गप्प बसत नाही. त्यात आमच्या धंद्याचा एकच धर्म. जे तोंडाला लागतं त्याला कल्हई पाहिजे, नाहीतर तांबं बाधतं. मावशी रोज ओठ लावते, तिकडं परमुलखात आजारी पडली तर? शिवाय म्हटलं, जाताना चांदीसारखं चकचकीत हातात पडू दे. चिमट्यात धरलं, तापवलं, नवसागर टाकला, कथील फिरवलं, कापसानं पुसलं. एवढ्याशा वेळात काम झालं. काय चमकलं म्हणता! मग उलटं करून बघितलं, तर कथील कणसांत भरलेलं. एक शाबूत, दुसरं अर्धं, तिसरं नाहीच.

परत तापवून पुसलं. आणखी वाईट झालं.

मग मी घरी मागल्या गल्लीनं यायला लागलो. काम नसताना ठाकुर्लीपर्यंत चालत जाऊन आलो. जेवायला बसलो की उठायचो, उठलो की परत बसायचो. हवालदारानं एकदा गाठलंच.

"खरं निघालं का?"

"एकदम खरं!"

"मग आण की!"

"आणतो."

बायको म्हणाली, "तोंड बघा, परातीसकट पळाल्यासारखं."

निघायच्या आदल्या दिवशी गेलो. मावशी बांधलेल्या ट्रंकेवर बसलेली. तिच्या तळव्यावर नाणं ठेवलं. अंगठा छत्रीवरून गेला, नाणं उलटलं, एका कणसावर आला, पुढं सरकला, थांबला.

"हे माझं नाही."

"तुमचंच आहे, मावशी. कल्हई केली. तोंडाला लागतं ना, म्हणून."

हवालदारानं नाणं बघितलं, मला बघितलं. "गाढवा," एवढंच म्हणाला आणि भिंतीकडं तोंड केलं.

मावशीनं नाणं ओठांना लावलं. "कथील," ती म्हणाली. मग, "खरं होतं का रे?"

"होतं. दोन हजार वर्षांचं. मास्तर म्हणाले."

तिनं माझा हात शोधला आणि नाणं त्यात दाबलं. "ठेव तू. मी चाललेय तिथं जमिनीतनं निघतात म्हणे. तुला इथं कोण देणार?"

ती हसत नव्हती. रागावलीय की काय तेही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी घरात घाण्याचा वास तेवढा राहिला, आणि चौकटीवर नळीच्या खिळ्यांची दोन भोकं.

बाकीची नाणी मी पुढं मास्तरांना देऊन टाकली. हे खिशात असतं. बसल्या बसल्या अंगठा चालूच. कल्हई रोजच्या वापरानं सहा महिन्यांत जाते, हे मीच गिऱ्हाइकांना सांगत आलो, म्हणून रोज घासतो. जात नाही. आयुष्यभर लोक माझ्या कल्हईला कच्ची म्हणून शिव्या देत आले आणि पक्की बसली ती एवढीच.